पुण्यात रस्त्यात कुणी अंगावर धावून आलं, तर नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की नळ स्टॉपच्या सिग्नलला तुमच्या दुचाकीचा आरसा एकाच्या गाडीला घासला, त्याने गाडी आडवी घातली, शिव्या देत अंगावर आला आणि तुमचे हातपाय गळाले. आता कराटे शिकावं का, हा तुमचा प्रश्न. जरूर शिका. पण त्या वेळी ज्या गोष्टी कामाला आल्या असत्या त्या वेगळ्या आहेत आणि आठवडाभराच्या सरावात जमतात.

आधी समोरचा तापलेला आहे की ठरवून आलेला, हे ओळखा. तापलेला माणूस चारचौघांत ओरडतो. बऱ्याचदा त्यालाही मारामारी नको असते, पण बघणाऱ्यांसमोर माघार घेतली तर इज्जत गेली असं त्याला वाटतं. ठरवून आलेला आवाज खाली ठेवतो: ‘जरा बाजूला ये’, ‘गाडी त्या बोळात घे’. त्याच्याबरोबर कुठेही जायचं नाही. पाकीट मागितलं तर एका बाजूला फेका आणि ओरडत दुसऱ्या बाजूला पळा. कोयता किंवा चाकू दिसला तर कुठलाही डाव आठवत बसू नका, पळा. तेही स्वतःच्या गल्लीत नाही, नाहीतर घर कळतं. पेट्रोल पंप, उघडं मेडिकल, हॉस्पिटलचं गेट, असं जिथे उजेड आणि माणसं असतील तिकडे जा.

पुढचं सगळं तापलेल्या माणसाबद्दल.

दुचाकीवर बसून, पाय टेकवून वाद घालणं ही सर्वांत वाईट स्थिती. मागे सरकता येत नाही आणि एका धक्क्यात गाडीसकट आडवे होता. त्याचा हात बहुतेक वेळा आधी तुमच्या किल्लीकडे जातो. किल्लीसाठी झटापट करू नका, तिथेच पहिला फटका बसतो. तो आहे त्याच्या विरुद्ध बाजूने उतरा आणि गाडी दोघांच्या मध्ये ठेवा. हेल्मेट काढू नका. रस्त्यावरच्या भांडणात जीव जातो तो अनेकदा ठोशाने नाही, तर धक्का लागून डोकं डांबरावर किंवा फुटपाथच्या कडेवर आपटल्याने. त्याच हेल्मेटने समोरच्याला हाणायचा विचारही नको. मग प्रकरण साध्या मारहाणीचं राहत नाही.

चारचाकीत असाल तर काचा वर, दारं लॉक, बोलायला दोन बोटं काच खाली. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकी जागा सोडायची सवय लावा, म्हणजे वेळ पडली तर रिव्हर्स न घेता बाजूने निघता येतं.

अंतर दोन हातांचं ठेवा. तो एक पाऊल पुढे आला की तुम्ही एक मागे, पण थोडं तिरकं, म्हणजे पाठ भिंतीला किंवा रहदारीला लागत नाही. दोन्ही हात छातीच्या उंचीवर, तळवे त्याच्याकडे. लांबून बघणाऱ्याला हा माणूस ‘थांबा, थांबा’ म्हणतोय असंच दिसतं, आणि फटका आलाच तर हात आधीच वर असतात. हात जोडू नका. आपल्याकडे ती सवय आहे, पण जोडलेले हात त्याला एका मुठीत धरता येतात. बोट दाखवणं, हात खिशात घालणं, हाताची घडी, तिन्ही वर्ज्य.

नजर त्याच्या कॉलरवर. डोळ्यांत रोखून पाहिलं तर ‘खुन्नस देतो का?’ सुरू होतं, आणि पुण्यात तेवढ्यावरून हाणामारी झाल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. पार खाली पाहिलंत तर त्याचे हात दिसत नाहीत, आणि हातच बघायचे असतात. ओरडणारा अचानक गप्प झाला, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागला, घड्याळ किंवा गॉगल काढला, आजूबाजूला कोण आहे ते पाहून घेतलं, की फटका जवळ आहे. हात पाठीमागे कमरेला गेला किंवा तो वळून डिकी उघडायला लागला, तर काय काढतोय ते बघायला थांबू नका. ‘थांब, पोरं बोलावतो’ म्हणून त्याने फोन कानाला लावला, तर पोरं येईपर्यंतची मिनिटं तुमची आहेत. त्याच वेळात निघा.

आता बोलणं. ‘शांत व्हा’ म्हटल्याने कुणी शांत होत नाही. त्याने अरे-तुरे केलं तरी तुम्ही अहो-जाहोच ठेवा. ‘दादा’ चालतं. चाळिशीच्या माणसाला ‘काका’ आणि कुणालाही ‘हे बघ बाळा’ चालत नाही. मध्येच इंग्रजीत शिरलात तर तो ऐट समजतो. तुमची चूक असेल तर काय चुकलं ते नाव घेऊन सांगा: ‘चुकलं माझं दादा, आरसा माझ्याकडून घासला.’ आणि गप्प बसा. घाईत फेकलेलं ‘सॉरी सॉरी’ त्याला टाळल्यासारखं वाटतं, आणि ‘चुकलं, पण तुम्ही पण…’ यातला ‘पण’ विझत आलेलं पुन्हा पेटवतो. चूक तुमची नसेल तर ‘तुम्हाला लागलं का कुठे?’ एवढं विचारा. त्यात काहीच कबूल होत नाही, आणि त्याला मान खाली न घालता थांबायला वाट मिळते. शेवटचा शब्द त्याचाच असू द्या. निघताना तो जे काही बोलेल, त्याला उत्तर नाही.

मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरून शूटिंग करू नका. ते बघूनच माणूस पिसाळतो. नंबर प्लेट पाठ करा, शूटिंग पलीकडच्या फुटपाथवरून दुसरा कुणी करू दे. बघ्यांना मोघम हाक मारून कुणी हलत नाही. एकालाच धरा: ‘निळ्या शर्टवाले दादा, ११२ लावा.’ तुमच्या मागे बसलेल्यालाही आधी सांगून ठेवा, की भांडणात आपल्याच माणसाचे हात धरायचे नाहीत. आपल्या माणसाला ‘सोड ना, सोड’ म्हणून मागून आवळलं, की समोरच्याला मोकळं मैदान मिळतं आणि याला हात वर करता येत नाहीत.

हातपाय गळतात यात भित्रेपणा नाही. अड्रेनलिन रक्तात उतरलं की बोटं थरथरतात, नजर अरुंद होते, बोलणं सुचत नाही. म्हणूनच तेव्हा फोनचं लॉकही उघडत नाही. फोनवर इमर्जन्सी कॉल कोणत्या बटणाने लागतो ते आजच सेटिंगमध्ये बघा. अनेक फोनवर पॉवर बटण भराभर पाच वेळा दाबावं लागतं. श्वास आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ बाहेर सोडा. आणि घरी कुणालातरी खोटंखोटं ओरडत अंगावर यायला सांगा: एक पाऊल मागे, तळवे वर, पहिलं वाक्य. रोज दहा वेळा, आठवडाभर. पहिलं वाक्य तोंडात बसलेलं असेल, तर पुढची सुचतात.

कुणाला इजा झालेली नसेल आणि वाट मोकळी असेल तर सरळ निघून जा. इजा झाली असेल तर थांबणं आणि मदत करणं कायद्याने बंधनकारक आहे. मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ जमावाच्या उद्रेकाचा अपवाद मानतं. तेव्हा तिथून निघून जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत कळवायचं. स्वसंरक्षणाचा हक्कही आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४, पण गरजेपुरताच. तो पळू लागल्यावर मागून घातलेली लाथ त्यात बसत नाही.

शेजाऱ्याशी पार्किंगवरून वाद असेल तर रात्री त्याच्या दारावर जाऊ नका. सकाळी, सेक्रेटरीला घेऊन, लेखी. आणि घरातलाच माणूस मारत असेल तर वरचं काहीच लागू करू नका. तिथे गोड बोलून प्रश्न सुटत नाही. बायकांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तातडीला ११२.

तक्रार करायची असेल तर त्याच दिवशी बसून लिहा: वेळ, जागा, गाडीचा नंबर आणि धमकीचे शब्द जसेच्या तसे, शिवीसकट. ‘अर्वाच्य बोलला’ असं मोघम लिहू नका. साधी धमकी न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली दोन वर्षांपर्यंत, पण जिवे मारण्याची असेल तर सात वर्षांपर्यंत शिक्षेची आहे, म्हणून नेमका शब्द महत्त्वाचा. अनेकदा आधी एनसीच, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करतात. तिची प्रत मागून घ्या. तोच माणूस पुन्हा आला तर चॅप्टर केससाठी, म्हणजे त्याच्याकडून शांतता राखण्याचा बाँड लिहून घेण्याच्या कारवाईसाठी, ती उपयोगी पडते. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी त्याच दिवशी. वळ दोन दिवसांत फिकट होतात. आणि समोरच्या दुकानदाराला लगेच भेटा. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, आणि तो स्वतःहून ते जपून ठेवणार नाही.