रोजच्या अद्रकवाल्या चहाचा कंटाळा आलाय. वेगवेगळ्या चवींचे चहा करून पाहायचे तर सुरुवात कुठून करू? फ्लेवरवाले महागडे डबे घ्यावेत का?

डबे घेऊ नका. आधी पत्ती बदला, मसाल्याचं नंतर पाहू.

मी नागपूरची. इथे बोलताना आम्ही चायच म्हणतो, आणि ती गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळते. पाणी, अद्रक, साखर, पत्ती, मग दूध, आणि दोनदा वर आल्याशिवाय गंज खाली उतरत नाही. याच चहावर मी वाढले आणि आजही सकाळचा पहिला कप तोच असतो. त्याला नावं ठेवणारी मी नव्हे. पण चवी शोधायच्या म्हणून तुम्ही याच चहात कधी विलायची, कधी दालचिनी, कधी तुळस टाकत राहिलात तर दर वेळी मसाला बदलेल, चहा तोच राहील. मीही बरीच वर्षं हेच केलं.

डोळे उघडले ते एका पुडीमुळे. ऑफिसातली मैत्रीण जूनमध्ये दार्जिलिंगहून परत आली आणि तिने शंभर ग्रॅमची पुडी दिली. मी घरी येऊन ती पत्ती आपल्या पद्धतीने दुधात अद्रक घालून खळखळ उकळली. पाणचट, गवतासारखं काहीतरी झालं. पुडी कपाटात मागे गेली. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी दूध फाटलं, बाहेर धो धो पाऊस, दुकानापर्यंत जायची सोय नाही. मग कपभर पाणी उकळलं, गॅस बंद करून मिनिटभर थांबले, त्यात एक लहान चमचा पत्ती टाकली आणि ताटली झाकली. तीन मिनिटांनी ताटली उचलली तर वाफेला पिकलेल्या काळ्या द्राक्षांचा वास. साखर घालायला चमचा उचलला होता, तो तसाच परत ठेवला.

नंतर कळलं की मे-जूनच्या दुसऱ्या बहराच्या, म्हणजे दुसऱ्यांदा फुटलेल्या कोवळ्या पानांच्या, दार्जिलिंग चहाची ही ओळखच आहे, त्याला मस्कटेल म्हणतात. त्यामागचं कारण तर मला फारच आवडतं. आपल्याकडे कापसावर तुडतुडे पडले की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. तिकडे त्याच जातकुळीचे कीटक चहाच्या कोवळ्या पानाचा रस शोषतात. मग झाड स्वतःला वाचवायला जी द्रव्यं तयार करतं, त्यांतून हा द्राक्षासारखा सुगंध येतो. विदर्भात राहून ही गोष्ट वाचली तेव्हा मी ती दहा जणांना सांगितली असेल.

आता दुधात तो चहा का बुडाला, तेही सांगते. आपण रोज वापरतो ती दाणेदार पत्ती सीटीसी. पान चिरडून, फाडून, गोळ्यांसारखं वळवायची ही यंत्रपद्धत 1930 च्या दशकात आसामात सुरू झाली. त्या दाण्यातून रंग आणि कडकपणा झपाट्याने उतरतो, म्हणून दुधासमोर तो टिकतो. दुधातलं प्रोटीन चहाच्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं. सीटीसीला ते मानवतं, नाजूक अख्ख्या पानाचं मात्र सगळं त्यातच जातं. म्हणजे पत्ती वाईट नव्हती, मी तिला चुकीची वागणूक दिली.

तेव्हा इतवारीत किंवा तुमच्या गावच्या किराणा बाजारात जिथे सुटी चायपत्ती मिळते तिथे जा आणि तीनच प्रकार मागा: आसामचं पान, दार्जिलिंग आणि निलगिरी (दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांतला चहा, निलगिरीच्या झाडाचा पाला नव्हे). प्रत्येकी पन्नास ग्रॅम पुरे. पहिल्या आठवड्यात तिन्ही बिनदुधाचे, बिनसाखरेचे प्या, एकाच मापाने, घड्याळ लावून तीन मिनिटं. आसामला माल्टसारखा जडपणा आहे. निलगिरी मोकळी आणि स्वच्छ. तिन्ही कप शेजारी शेजारी ठेवून प्याल तेव्हाच फरक जिभेला कळेल, एकेक दिवस वेगळं प्यायलं तर विसरायला होतं.

ग्रीन टी कडू लागते अशी तक्रार सगळेच करतात. झाड तेच आहे, फक्त पान तोडल्यावर लगेच तापवून त्याचं काळं पडणं थांबवलेलं असतं. उकळतं पाणी ओतलं की ती कडवट होणारच. पाणी उकळून पाच-सात मिनिटं बाजूला ठेवा, मग ओता, आणि दोन मिनिटांत गाळा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती म्हणजे पाणी. आम्ही आधी राहत होतो तिथे बोअरचं पाणी होतं. बिनदुधाचा चहा केला की पाच मिनिटांत वर तेलकट दिसणारी साय यायची आणि कपाला तपकिरी कडं बसायचं. मी पत्तीला दोष देत होते. नवीन घरी नळाला पेंच धरणाचं पाणी आलं आणि तीच पत्ती, तोच कप, साय गायब! जड पाण्यातला चुना चहातल्या द्रव्यांशी मिळून तो थर बनवतो. तुमच्याकडे बोअर असेल तर चहापुरतं फिल्टरचं पाणी घ्या. नाहीतर लिंबाचे दोन थेंब टाका, थर विरतो आणि रंगही उजळतो.

एवढं झालं की मग खुशाल घालाघाली करा. अद्रक दुधाआधी पाण्यात चांगलं उकळा, कारण कच्च्या अद्रकातलं एक एन्झाइम दूध फाडतं. गुळाचा चहा फाटत असेल तर गूळ गॅस बंद केल्यावर टाका. गवती चहा मात्र बिनदुधाच्या निलगिरीत घालून पाहा, दुधात त्याचा लिंबासारखा वास अर्धाच राहतो.

पण नागपुरात राहून मला सगळ्यात जवळचा झालेला चहा संत्र्याच्या सालीचा. सासरे काटोलचे, त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री घरी येतात तेव्हा मी साली धुऊन, आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून, गच्चीवर सुपात वाळत घालते. तो पांढरा भाग राहिला की चहा कडू झालाच म्हणून समजा. दोन-तीन उन्हांत साल कडकडीत होते, मोडली की कट्ट आवाज येतो. बोटभर तुकडा कपात, वर निलगिरीची पत्ती, वर गरम पाणी, झाकण. दूध अजिबात नाही. बाहेरून साली घेत असाल तर फवारणीचं विचारूनच घ्या.

सासरे आयुष्यभर दुधाच्या चायवाले. काळ्या चहाला ते काढा म्हणायचे आणि दवाखान्यातून आल्याशिवाय घ्यायचे नाहीत. एकदा मी माझा कप त्यांच्यापुढे नुसता वास घ्यायला धरला. त्यांनी डोळे मिटले, कप माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "बाई, हा तं आपल्या बगीच्याचा वास हाय." बगीचा विकून तेव्हा सहा वर्षं झाली होती. तो कप त्यांनी संपवला आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता स्वतःहून विचारलं, "तो सालवाला करतेस का?"

मे महिन्यात, पारा 45 च्या वर जातो तेव्हा, मी गरम पाणी वापरतच नाही. रात्री लिटरभर थंड पाण्यात दोन मोठे चमचे निलगिरीची पत्ती आणि सालीचे दोन तुकडे टाकून बाटली फ्रिजमध्ये ठेवते, सकाळी गाळते. थंड पाण्यात तुरटपणा फार कमी उतरतो, साखर लागत नाही, आणि निलगिरी गार झाली तरी गढूळ होत नाही. उन्हातून आलेल्या माणसाला तो द्या आणि चेहरा बघा.

फ्लेवरवाल्या डब्यांबद्दल विचारलंत म्हणून सांगते, स्ट्रॉबेरी, चॉकलेट, व्हॅनिला असे सगळे मी घेऊन पाहिले. डबा उघडताना घमघमाट येतो, घोट घेतला की खाली चहा सापडतच नाही. त्या एका डब्याच्या पैशात इतवारीतून तिन्ही पुड्या येतात. आणल्या की काचेच्या बरणीत नका ठेवू, उजेडाने पत्तीचा वास उडतो. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि मसाल्याच्या कपाटापासून लांब ठेवा. माझ्या पहिल्या निलगिरीला पंधरा दिवसांत गोडा मसाल्याचा वास लागला होता, सगळी फेकावी लागली.