सगळे माझ्याबद्दलच बोलत असतील

‘चारचौघांत माझ्या तोंडून भलतंच निघून गेलं. आता सगळीकडे त्याचीच चर्चा चालू असेल.’ ही काळजी घेऊन माझ्याकडे कॉलेजची मुलं येतात, तशा नातवंडं झालेल्या आज्याही येतात. त्यातल्या एका शिक्षिकेबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाईंच्या शाळेत एका सरांचा सेवापूर्ती समारंभ होता आणि सूत्रसंचालन बाईंकडे होतं. संस्थापकांच्या तसबिरीला हार घालून झाला, ‘कैलासवासी’ म्हणून त्यांचं नाव घेऊन झालं आणि त्याच ओघात बाईंनी प्रमुख पाहुण्यांनाही कैलासवासी करून व्यासपीठावर बोलावलं. पाहुणे समोरच बसले होते. सभागृहात हशा पिकला.

तेव्हापासून त्या रिकाम्या वर्गात बसून एकट्या डबा खाऊ लागल्या. स्टाफरूममधून कोणाच्या हसण्याचा आवाज आला की पोटात गोळा यायचा. शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्यांनी म्यूट केला. रात्री पाठ टेकली की तेच वाक्य कानात घुमायचं.

‘‘कोणी विसरलेलं नाही हो,’’ त्या म्हणाल्या. मी विचारलं, ‘‘त्या दिवशी आणखी कोणाचं काय चुकलं?’’ बऱ्याच वेळाने त्यांना आठवलं, की आभार मानणारे सर मुख्याध्यापकांचंच नाव विसरले होते.

‘‘मग त्या सरांबद्दल तुम्ही किती विचार केलात?’’

‘‘छे, मला तर आत्ता आठवलं.’’

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं. तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. घालायला लाज वाटेल असा, एका गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून एकेका विद्यार्थ्याला इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. हा चेहरा जवळपास निम्म्यांनी पाहिला असेल, असा घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात पाहिला होता सुमारे पाव मुलांनी. म्हणजे बघणारे असतात, पण आपण धरून चालतो तितके नसतात. म्हणूनच ‘कोणाचं लक्षच नव्हतं’ असा खोटा दिलासा मी देत नाही. तो कोणाला पटतही नाही.

बाईंना मी एक काम दिलं. विश्वासातल्या दोन मैत्रिणींना ‘कार्यक्रम कसा वाटला?’ एवढंच विचारायचं, आपला विषय काढायचा नाही. पहिली म्हणाली, मठ्ठा लवकर संपला. मग तिने हळूच विचारलं, ‘‘माझ्या साडीवर आमटी सांडली होती, लांबून दिसत होती का गं?’’ बाईंनी ती साडी पाहिलीसुद्धा नव्हती. दुसरीला मात्र ‘कैलासवासी’ चांगलं आठवत होतं. ‘‘पाहुणे किती हसले! भाषणात म्हणाले ना, आता माझं आयुष्य वाढलं!’’ हे वाक्य बाईंच्या कानावर गेलंच नव्हतं. त्या वेळी त्या मान खाली घालून कागद चाळत होत्या.

टाळल्यामुळे त्या दिवसापुरतं बरं वाटतं, पण भीती खरी होती की खोटी हे कधीच कळत नाही. म्हणून स्टाफरूममध्ये परत जाण्याचा आग्रह मी धरला. सुरुवातीला दहा मिनिटं बसायचं आणि समोरची काय सांगतेय तिकडे कान द्यायचे. ज्यांचं असं टाळणं महिनोन् महिने चालतं, झोप उडते, काम अडतं, त्यांनी मनोविकारतज्ज्ञांना जरूर भेटावं. सरकारच्या टेली-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

बाई आता पूर्ण डबा स्टाफरूममध्ये खातात. ग्रुप अजून म्यूट आहे, त्यावर आमचं काम चालू आहे.