नरक कायमचा का, हे नगरच्या मंडळीला विचारा

तुमचा प्रश्न असा आहे: "बाप्तिस्मा न घेता मेलेला माणूस कायमचा नरकात जळतो, असं सगळे ख्रिस्ती मानतात का? आणि मानत असतील, तर घरातल्या बिगरख्रिस्ती माणसांच्या बाबतीत काय करतात?"

पहिल्या भागाचं उत्तर, नाही. दुसऱ्या भागाचं उत्तर, भांडतात. निदान आमच्या घरात तरी. मी आणि माझा थोरला भाऊ या एका विषयावरून बरीच वर्षं एकमेकांशी नीट बोललेलो नाही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आम्ही नगरकडचे. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं. वडिलांकडचे अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचे ख्रिस्ती. आईचं माहेर बौद्ध. आमच्या भागात यात नवल काहीच नाही. एकाच भावकीतलं एक घर मिशनच्या शाळेपायी ख्रिस्ती झालं, दुसरं १९५६ नंतर बौद्ध झालं आणि तिसरं अजून आषाढीला पंढरपूरला जातं. आईने लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला. तिच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, एका शब्दाने अडवलं नाही. ते नाताळला यायचे, उपासनेला शेवटच्या बाकावर बसायचे. पाळकसाहेबांनी 'सलाम' केला की 'जय भीम' म्हणायचे आणि करंज्यांचा डबा घेऊन शेवटच्या एसटीने परत.

तात्यांच्या दारात रांजण असायचा. उन्हाळ्यात रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही पाणी पिता यावं म्हणून. ॲल्युमिनियमचा मग साखळीने खांबाला बांधलेला, कारण आधीचा चोरीला गेला होता. लहानपणी ज्या माणसाला गावच्या आडावर चढू दिलं नाही, त्याच्या दारात हा रांजण. त्यावर त्यांनी कधी भाषण केलं नाही. सकाळी उठल्यावर "रांजण भरला का?" एवढंच विचारायचे.

तात्या गेले. माहेरी जलदान विधी (बौद्धांचा मृत्यूनंतरचा विधी) झाला, आई घरी परतली, आणि संध्याकाळी दादाच्या नव्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पास्टर भेटायला आले. दादा तेव्हा आमची जुनी मंडळी सोडून तिकडे जायला लागला होता. प्रार्थना झाली. चहा आला. बशीत चहा ओतता ओतता पास्टर आईला म्हणाले, "ताई, वडिलांसाठी आता काही करता येत नाही. त्यांचं अनंतकाळ ठरून गेलं. भाऊ राहिलेत, त्यांना तरी आगीतून ओढून काढा."

आईला शास्त्र, म्हणजे बायबल, बरंचसं पाठ आहे. लूकच्या सोळाव्या अध्यायात श्रीमंत माणूस आणि लाजर यांची गोष्ट आहे. श्रीमंत मेल्यावर यातनेत पडतो आणि अब्राहामाला विनवतो, लाजराला पाठव, त्याने बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करावी. ते नाकारलं जातं. आईने खाली मान घालून विचारलं, "म्हणजे माझ्या बापाला पाण्याचा थेंबही नाही?"

पास्टर म्हणाले, "मी मनाचं सांगत नाही ताई, शास्त्र सांगतं."

मी त्यांना उठायला सांगितलं. आवाज चढवून सांगितलं, शेजारची माणसं दारात आली. दादा म्हणाला, मी देवाच्या सेवकाचा अपमान केला. मी म्हणालो, अपमान कुणी कुणाचा केला ते आईच्या तोंडाकडे बघून सांग. तेव्हापासून आमचं हे असं आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. दादा ज्याला 'शास्त्र सांगतं' म्हणतो, त्यावर चर्चमध्ये पहिल्यापासून वाद आहे. मुख्य मतं तीन. एक, शिक्षा कायमची आणि जाणिवेसकट. दोन, न्यायानंतर दुष्टाचं अस्तित्वच संपतं. आग कायमची असेल, जळणारा नाही. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हा पंथ हे उघड शिकवतो, आणि ज्यांचे संदर्भ दादाची मंडळीसुद्धा देते ते इंग्लंडचे धर्मगुरू जॉन स्टॉट १९८८ साली, जरा बिचकतच का होईना, याच बाजूला झुकले. तीन, शिक्षा खरी आहे पण ती सुधारण्यासाठी आहे आणि शेवटी सगळे देवाकडे येतात. चौथ्या शतकातले बिशप, निस्साचे ग्रेगरी, यांचं मत या तिसऱ्या प्रकारचं होतं. त्यांना कुणी वाळीत टाकलं नाही, आजही संत म्हणूनच मानतात. त्यांच्या आधीच्या ओरिजेन या धर्मपंडिताचं नशीब वेगळं. त्याच्या नावावरच्या अशाच शिकवणुकीचा सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळात निषेध झाला. कायमच्या शिक्षेची बाजू सर्वात ठामपणे मांडली ती ऑगस्टीन या जुन्या काळच्या बिशपने, पण आपल्याशी सहमत नसलेले ख्रिस्ती पुष्कळ आहेत हे त्यानेच लिहून ठेवलंय.

दादाचा हुकमी एक्का म्हणजे बायबलातलं मत्तय २५:४६. तिथे एकाच वाक्यात कायमची शिक्षा आणि कायमचं जीवन अशी जोडी आहे. शिक्षा संपणारी म्हटली तर जीवनही संपणारं म्हणावं लागेल, असा त्याचा मुद्दा. हा मुद्दा ऑगस्टीनचाच आहे आणि हलका नाही. मी तो फुंकरीने उडवणार नाही. पण त्याकडे पुन्हा येतो.

यापुढचं मला आमच्या एका निवृत्त पाळकसाहेबांनी सांगितलं आणि मग मी स्वतः वाचलं. दादाला वाटतं, नरकाबद्दल शंका काढणं हे आजच्या शहरी, कोमट ख्रिस्ती लोकांचं फॅड आहे. प्रत्यक्षात या वादाची झळ नगरला १८८६ सालीच लागली होती.

रॉबर्ट ॲलन ह्यूम हे नाव नगरच्या प्रत्येक ख्रिस्ती घराला माहीत आहे, ह्यूम मेमोरियल चर्चमुळे. हे मुंबईत जन्मलेले, मिशनऱ्याचे चिरंजीव. अमेरिकेत शिकून १८७४ साली इकडे परत आले आणि नगरला सेमिनरी (पाळक घडवणारी शाळा) काढली. त्या काळात अमेरिकेत, अँडोव्हर सेमिनरीत, एक नवा विचार चालला होता: ज्याला जिवंतपणी ख्रिस्ताबद्दल कळलंच नाही, त्याला मेल्यानंतर ती संधी मिळेल असं का मानू नये? यावरून रण पेटलं. तिथल्या पाच प्राध्यापकांवर पाखंडाचे आरोप झाले. एकाला दोषी ठरवलं, पुढे कोर्टाने तो निकाल रद्द केला. ह्यूम साहेब नेमके तेव्हा रजेवर अमेरिकेत होते. अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ते या विचाराच्या बाजूने बोलले. झालं. ज्या बॉस्टनच्या बोर्डाने त्यांना इकडे पाठवलं होतं, त्यांनीच त्यांना परत पाठवायला नकार दिला. बोर्डाच्या वार्षिक सभेत यावर खडाजंगी झाली. शेवटी १८८७ साली त्यांना परवानगी मिळाली आणि ते नगरला परतले.

बोर्डातल्या विरोधकांचं म्हणणं काय होतं? मेल्यावरही संधी मिळणार असेल तर मिशनरी पाठवायचे कशाला, कोण पैसे देणार, मिशनच्या कामातला जीवच जाईल. दादाचं वाक्य शब्दशः हेच आहे: "मग सुवार्ता सांगायचीच कशाला?" बॉस्टनच्या त्या साहेबांचा त्याने जन्मात एक ओळ मजकूर वाचलेला नाही. पण दिसतं असं की भीतीवर चालणारं काम कुठलंही असो, त्याचं शेवटचं वाक्य एकच असतं.

याचं उत्तर ह्यूम साहेबांनी कामाने दिलं. त्यानंतर ते जवळजवळ चाळीस वर्षं नगरला राबले. १८९९-१९०० च्या दुष्काळात त्यांनी जे केलं त्याबद्दल सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. त्यांच्या कामातला जीव काही गेला नाही. मला तर वाटतं, इथे राहणाऱ्या माणसालाच हा प्रश्न टोचतो. बॉस्टनमध्ये बसून 'मूर्तिपूजकांचे कोट्यवधी आत्मे' म्हणणं सोपं असतं. नगरला तुमच्यासमोर नुकतीच बाप्तिस्मा घेतलेली बाई बसलेली असते आणि ती विचारते, माझी आई कुठे आहे. (हे कुणी नोंदवलेलं नाही, माझा तर्क आहे. पण असं कुणी विचारलंच नसेल यावर माझा विश्वास बसणार नाही.)

आणि रेव्हरंड टिळक! नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. पुढे ते नगरच्याच सेमिनरीत शिकवत होते. दादा त्यांची भजनं आजही डोळे मिटून म्हणतो, पेटीवर हात चांगला आहे त्याचा. तेच टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मी एकदा नाताळच्या जेवणात दादाला विचारलं, तुझ्या हिशोबाने टिळक स्वर्गात आणि तुकोबा आगीत, बरोबर? म्हणजे पुलावरून जाणारा पोचला आणि पूल जाळला? दादा ताट घेऊन आतल्या खोलीत गेला. वहिनीने माझ्या ताटात पुन्हा भात वाढला आणि म्हणाली, भाऊजी, जेवा आता. याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आता मत्तय २५. शिक्षा कायमची म्हणणारे शेवटचं वचन सांगतात आणि त्याआधीची पंधरा वचनं गिळतात. तो सगळा भाग न्यायाचा आहे. राष्ट्रं समोर जमतात, मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. डावीकडच्यांचा गुन्हा काय? बाप्तिस्मा घेतला नाही, चुकीच्या मंडळीत गेले, पापकबुलीची प्रार्थना म्हटली नाही? यातलं एकही नाही. भुकेल्याला खायला दिलं नाही, तहानलेल्याला पाणी दिलं नाही, परक्याला घरात घेतलं नाही, तुरुंगात भेटायला गेले नाहीत. उजवीकडच्यांना तर आपण हे कधी केलं तेही ठाऊक नाही. तेव्हा ४६ वं वचन जसंच्या तसं, कायमच्या शिक्षेसकट घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. पण मग रांजण भरणारा माणूस कुठल्या बाजूला उभा राहतो तेही त्याच अध्यायातून सांगा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर न्याय होणार यावर माझा विश्वास आहे, आणि व्हायलाच हवा. खैरलांजीसारख्या गोष्टी ज्यांनी केल्या त्यांना देवाने पाठीवर हात फिरवून आत घ्यावं असं मला मुळीच वाटत नाही. 'देव प्रेम आहे, नरक वगैरे काही नाही' म्हणणाऱ्यांशी माझं तितकंच वाकडं आहे. पण पन्नास-साठ वर्षांच्या आयुष्यातल्या चुकीला न संपणारी यातना, आणि तीही 'ऐकलं नाही' किंवा 'पटलं नाही' या गुन्ह्याला, हे मला देवाच्या न्यायात बसत नाही. बायबलातल्या १ पेत्र ३ मध्ये ख्रिस्ताने बंदिवासातल्या आत्म्यांना घोषणा केल्याचा उल्लेख आहे. त्याचा अर्थ काय यावर पंडित भांडत राहोत. मृत्यूपाशी देवाचे हात बांधले जात नाहीत, एवढं तरी मी त्यातून घेतो.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेलो नाही. जगभरच्या बहुतेक चर्चची अधिकृत शिकवण आजही 'कायमची शिक्षा' हीच आहे, तेव्हा दादा बहुमतात आहे आणि मी नाही. तुमच्या ओळखीचे ख्रिस्ती वसईचे किंवा गोव्याचे कॅथलिक असतील तर तिथलं गणित वेगळं. कॅथलिक धर्मशिक्षणात नरक कायमचाच आहे. पण शुद्धिस्थान (स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होण्याची अवस्था) आहे, २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना आहे, आणि स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही तेही तारले जाऊ शकतात असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली स्पष्ट म्हटलंय. एवढ्या शतकांत कॅथलिक चर्चने शेकडो लोकांना संत ठरवलं, पण अमुक माणूस नरकात आहे असं एकाचंही नाव अधिकृतपणे जाहीर केलेलं नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदाचंसुद्धा नाही. पास्टरांनी बशीतला चहा संपायच्या आत तात्यांचं जाहीर केलं.

आणखी एक, न्यायाने सांगायला हवं. दादाची दारू त्या पास्टरांच्या मंडळीत सुटली. नरकाच्या भीतीने सुटली, असं तोच सांगतो. आमच्या जुन्या मंडळीत सगळे त्याला ओळखत होते, त्याच्या शेजारी बसून 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातली गीतं म्हणत होते, आणि कुणी त्याचा हात धरला नाही. वहिनी त्या पास्टरांविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही आणि मी तिच्यासमोर बोलतही नाही. पण दादाला जे वाचवायला उपयोगी पडलं ते आईच्या अंगावर फेकायला कुणी सांगितलं होतं?

तुम्ही हा प्रश्न का विचारलात ते लिहिलेलं नाही. ख्रिस्ती मुलीशी किंवा मुलाशी लग्न ठरत असेल तर त्यांच्या घरच्यांना सरळ विचारा, कुठल्या मंडळीचे आहात आणि माझ्या आजी-आजोबांबद्दल तुमचे पाळक काय म्हणतात. लग्नाआधी विचारा, पहिल्या मयताच्या दिवशी नको. आणि कुणी तुमच्या गेलेल्या माणसाचा निकाल तोंडावर सांगितलाच असेल, तर वाद घालू नका, त्यांच्याच हातात बायबल देऊन मत्तय २५ मोठ्याने वाचायला लावा.

दादा, वहिनीने हे तुला फोनवर दाखवलं असेलच. ३१ व्या वचनापासून वाच. ४६ पासून नको.