वाचक विचारतात: बागेतली सेगवे टूर करावी का, आणि कुणी

यावेळच्या टपालात आणि व्हॉट्सॲपवर सेगवेचेच प्रश्न जास्त आलेत, त्यामुळं बाकीचे पुढच्या अंकात घेते. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: शेजारी-शेजारी दोन चाकं, मधे उभं राहायला फळी, समोर कमरेपर्यंत येणारा दांडा, आणि सगळं बॅटरीवर. मुंबईत मरीन ड्राईव्हला पोलीस अशाच पद्धतीच्या गाड्यांवर फिरताना २०२० साली बातम्यांत दाखवले होते.

प्रश्न (बेळगावच्या टिळकवाडीहून एक काकू): ताई, माझी मुलगी-जावई सॅन फ्रान्सिस्कोजवळ असतात, सप्टेंबरात आम्ही दोघं तिकडं जायलोय. तिनं गोल्डन गेट पार्कची गाईडबरोबरची सेगवे टूर बुक करते म्हणून सांगितलंय. माझं वय ६१. रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरते, पण थोडं चाललं की डावा गुडघा कुरकुर करतो. आमचे हे म्हणतात, कशाला नसती उठाठेव, पडलीस म्हणजे? पण मला बागा बघायची लई हौस. करू का नको?

उत्तर: काकू, करा. काकांनाही न्या. पण गुडघ्याचं आधी नीट समजून घ्या, कारण सेगवेवर चालणं वाचतं, उभं राहणं वाचत नाही. टूर साधारण दोन-अडीच तासांची असते, त्यातला पहिला अर्धा तास शिकवण्यात जातो, आणि उरलेला वेळ गुडघे किंचित सैल ठेवून उभं राहायचं असतं, गुडघे ताठ धरले की रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा सरळ कमरेत जातो. तेव्हा तुम्ही ओट्यापाशी न टेकता तासभर उभ्यानं काम करू शकता का ते बघा, जमत असेल तर बहुतेक जमेल. चालताना दुखतं पण उभं राहून दुखत नाही असे खूप लोक असतात, त्यांना ही गाडी वरदान आहे, आणि उलट असेल तर पैसे वाया. चक्कर येत असेल, सांधा बदलला असेल किंवा हाडं ठिसूळ आहेत असं सांगितलं असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बुकिंग करू नका. वजनाचीही अट असते, साधारण ४५ ते ११७ किलो.

आता बागेबद्दल, कारण तुमचा खरा जीव त्यातच आहे न्हवं. गोल्डन गेट पार्क १,०१७ एकर आहे, लांबी जवळजवळ पाच किलोमीटर आणि रुंदी एक किलोमीटरही नाही. बेंगळूरचं लालबाग २४० एकर आहे, म्हणजे चार लालबाग मांडली तरी जागा उरते. एवढी बाग गुडघा सांभाळत एका सकाळी पायी होत नाही, म्हणून तिथं सेगवेला अर्थ आहे.

आणि ही सगळी जमीन मुळात वाळू होती. समुद्रावरून उडून आलेल्या वाळूच्या टेकड्या, त्यावर गवतही टिकत नव्हतं. १८७० च्या दशकात विल्यम हॅमंड हॉल नावाच्या तरुण इंजिनिअरला हे काम दिलं, आणि लोक सांगतात की घोड्याच्या चाऱ्यातले भिजलेले जव वाळूत सांडले आणि ते पटकन उगवून आले, त्यावरून त्याला सुचलं की आधी जव लावून वाळू धरायची, त्याच्या आडोशानं ल्युपिनची झुडपं वाढवायची, मग झाडं. त्याच्यानंतर जॉन मॅक्लारेननं १९४३ साली मरेपर्यंत, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं, ती बाग वाढवली. आज तिथली दाट सावली बघून कुणाला खरं वाटणार नाही, म्हणून हे सांगणारा गाईड पाहिजे. नुसतं वारं खात फिरायचं असेल तर मुलीच्या गाडीतून पण फिरता येतं.

काचेचं मोठं फुलघर आहे, १८७९ सालचं, पांढऱ्या लाकडी चौकटींचं. १८९० च्या दशकापासून पाळलेले गवे आहेत, अमेरिकन बायसन, पश्चिम टोकाला डच पवनचक्की. आणि जपानी टी गार्डन, जे १८९४ च्या प्रदर्शनासाठी केलं आणि नंतर माकोतो हागिवारा यांनी पुढं कित्येक वर्षं स्वतःच्या घरासारखं सांभाळलं, तिथंच राहून. पुढं महायुद्धात १९४२ साली जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत नेलं, तेव्हा हागिवारांच्या घरच्यांनाही ती बाग सोडावी लागली. हे माहीत असलं की तिथल्या कमानीच्या लाकडी पुलावर माणूस जरा थांबतो.

म्हणून माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हे: बुकिंग करताना मुलीला किती किलोमीटर फिरवतात ते विचारायला सांगू नका, कुठं कुठं उतरवतात आणि किती वेळ ते विचारायला सांगा. सेगवे तुम्हाला झाडापर्यंत नेते, झाड दाखवत नाही. ज्या टूरमधे दोन तासांत एकदाच फोटोपुरतं उतरवतात ती नको. टी गार्डनमधे गाडी आत नेता येत नाही, तिथल्या वाटा अरुंद आहेत, पायऱ्या आहेत, ते दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा आणि निवांत पायी बघा. पार्कमधल्या जॉन एफ. केनेडी ड्राईव्ह या मोठ्या रस्त्याचा पूर्वेकडचा भाग मोटारींना बंद केलाय, त्यामुळं मागून हॉर्न वाजेल ही भीती तिथं नाही.

कपड्यांचं: साडी नको काकू, निऱ्या चाकात जायची भीती असते आणि पाय किंचित फाकवून उभं राहावं लागतं. पंजाबी ड्रेस चालेल, पण ओढणी एकतर घरी ठेवा नाहीतर कमरेला घट्ट बांधा. चप्पल नको, बंद बूट. सप्टेंबरात तिथं त्यातल्या त्यात ऊब असते तरी समुद्राचं धुकं आणि वारं कधीही येतं, आपल्या बेळगावच्या कॅम्पात पावसाळी संध्याकाळी ठेवतो तसा स्वेटर जवळ ठेवा.

प्रश्न (निपाणीचा एक विद्यार्थी, बारावी सायन्स): सायकलची चाकं पुढं-मागं असतात म्हणून ती दोन्हीकडं पडते, सेगवेची शेजारी असतात, मग ती पुढं तोंडावर का पडत नाही? आतमधे नेमकं काय असतं?

उत्तर: तळहातावर काठी उभी धरून बघितली असशील. काठी पुढं कलली की आपण हात पुढं नेतो, म्हणजे काठीच्या बुडाखाली परत आधार येतो. सेगवे तेच करते. तू पुढं झुकलास की चाकं पुढं पळून तुझ्या खाली येतात, मागं रेललास की थांबतात आणि मग मागं येतात. म्हणून तिला वेगळा ॲक्सिलरेटर नाही आणि ब्रेकची मूठ पण नाही, तुझं अंगच दोन्ही आहे. मूळ सेगवेत पाच जायरोस्कोप सेन्सर (गाडी किती वेगानं कलते ते ओळखणारे) होते, शिवाय कल मोजणारे सेन्सर, आणि आतला कॉम्प्युटर सेकंदाला शंभर वेळा तोल तपासून मोटरला हुकूम देतो. वळायला २००६ नंतरच्या मॉडेलमधे दांडा डावी-उजवीकडं कलवायचा, एक चाक जास्त फिरतं, एक कमी, त्यामुळं जागच्या जागी गोल वळता येतं.

हे डीन केमन या अमेरिकन संशोधकाचं काम, ३ डिसेंबर २००१ ला लोकांसमोर आलं. त्याआधी त्यांच्या लोकांनी पायऱ्या चढणारी आणि दोन चाकांवर उभी राहणारी व्हीलचेअर केली होती, तोलाची युक्ती तिथून आली. मला विचारशील तर ती व्हीलचेअर जास्त मोठं काम आहे.

वेग जास्तीत जास्त ताशी २० किलोमीटर, त्याच्यावर जायला लागलास की दांडा आपोआप मागं येऊन तुला सरळ उभं करतो. त्यावेळी काही मुलं हौसेनं अजून पुढं रेटतात, ते अजिबात करायचं नाही. आणि उतरताना एकेक पाय मागं टाकायचा, दोन्ही पाय जमिनीवर आल्याशिवाय दांडा सोडायचा नाही, कारण एका पायाचं वजन वर राहिलं की गाडीला वाटतं माणूस अजून आहे.

प्रश्न (खानापूरहून, दोन मुलांची आई): नमस्कार ताई, दिवाळीत आम्ही चौघं युरोपला जायचं ठरवलंय, त्यात प्राग आहे. धाकटा ९ वर्षांचा, २८ किलोचा, त्याला सेगवेचं वेड लागलंय. एजंट म्हणाला बघू, ॲडजस्ट होईल. आणि कोण तरी म्हणालं तिकडं बंदीच आलीय. खरं काय?

उत्तर: दोन्हीचं उत्तर देते, आधी मुलाचं. नाही, आणि एजंटनं ॲडजस्ट केलं तरी नाही. मागं रेलून गाडी थांबवायची असते, म्हणजे थांबवायला वजन लागतं, २८ किलोचं पोर मागं रेललं तरी गाडीला ते पुरेसं कळत नाही आणि ती पाहिजे तिथं थांबत नाही. म्हणूनच ४५ किलोची अट आहे. बऱ्याच ठिकाणी वयाचीही अट असते. आणि आपल्या पुढं पोराला उभं करून एकाच गाडीवर दोघं, असं तर कधीच नको. गरोदर बायकांनीही या गाडीवर चढू नये, हे सगळ्यांसाठीच सांगून ठेवते.

प्रागचं खरं आहे. तिथं जुन्या गावात पर्यटकांच्या सेगवे इतक्या झाल्या की चालणाऱ्या लोकांना फुटपाथ उरला नाही, तक्रारी वाढल्या, आणि २०१६ मधे नगरपालिकेनं मध्यवस्तीतून त्या बंद केल्या. सॅन फ्रान्सिस्कोनं तर मशीन बाजारात आल्या-आल्याच फुटपाथवर नको म्हणून ठरवलं होतं. प्रत्येक गावाचा नियम वेगळा असतो, तेव्हा प्रागमधे कुणी टूर विकत असेल तर ती कुठून कुठपर्यंत जाते ते नकाशावर दाखवायला सांगा. धाकट्याला तिथल्या बागेत मनसोक्त पळू द्या, त्याला तेच आवडेल.

प्रश्न (वडगावचे दोघे मित्र): ताई, आम्ही दोघंही डिग्री झालेले, नोकरी बघतोय. बेळगावात सेगवे टूर सुरू करायची आयडिया हाय. किल्ला तलाव, मिलिटरी महादेवाचं देऊळ, व्हॅक्सिन डेपो असा राऊंड. स्मार्ट सिटी झाल्यावर ट्रॅक पण बरे झालेत. जुन्या चार-पाच गाड्या स्वस्तात मिळायल्यात. घालावेत का पैसे?

उत्तर: आयडियातला अर्धा भाग मला फार आवडला आणि अर्धा नको वाटतो, स्पष्ट सांगते.

नको तो भाग म्हणजे गाड्या. मूळ सेगवे कंपनी २०१५ साली चीनच्या नाईनबॉटनं घेतली आणि त्या जुन्या दोन चाकी मॉडेलचं उत्पादन जुलै २०२० मधे बंद केलं. सुरुवातीला तिची किंमत सुमारे ५,००० डॉलर होती, जगभर मिळून साधारण १ लाख ४० हजारच विकल्या गेल्या. म्हणजे तुम्हाला आज स्वस्तात मिळणारी गाडी ही पार्ट आणि बॅटरीच्या मागं पळायला लावणारी गाडी आहे, एक बंद पडली की तिचे पार्ट काढून दुसरी चालवायची, असं किती दिवस चालणार? वर हेल्मेट, इन्शुरन्स, महानगरपालिकेची परवानगी, कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्डाची वेगळी, आणि रस्त्यावर आणायची तर आरटीओला विचारावंच लागेल. आणि जागेचं बघा. आपल्या बागा लहान आहेत, सकाळी तिथं आजी-आजोबा काठी घेऊन फिरतात, संध्याकाळी पोरं पळतात. त्यांच्या मधून ४५-५० किलोची गाडी आणि वर माणूस ताशी १५ नं नेणं बरोबर नाही. ती जागा आधी त्यांची आहे.

आवडलेला भाग म्हणजे गाईड. बेळगावात बाहेरून माणूस येतो, कुंदा घेतो आणि गोव्याला जातो. त्याला थांबवून बागा, झाडं दाखवणारं कोण आहे? तुम्ही व्हा की! टिळकवाडीतनंच सुरू करा. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात झालं, गांधीजी अध्यक्ष झालेलं ते एकच, त्यावेळी खोदलेली काँग्रेस विहीर आणि अधिवेशनाचं स्मारक वीरसौध तिथंच आहे, काँग्रेस रोडचं नावही त्यावरनंच. तिथनं व्हॅक्सिन डेपो, जिथं पूर्वी देवीची लस तयार व्हायची आणि आज गावाच्या मधोमध एवढी जुनी झाडं टिकून आहेत, ती टिकावीत म्हणून गावातली माणसं भांडलीत, ते पण सांगा. मग रिक्षानं किंवा सायकलनं किल्ला. खंदक, आत १३ व्या शतकाच्या सुरुवातीची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, तिच्या छताचं दगडी कमळ मान वर करून नुसतं बघत राहावं असं आहे, आणि बाहेर तलाव.

झाडांसाठी आधी वर्षभर वही ठेवा. ताम्हण एप्रिल-मेत जांभळी होते, त्याच सुमाराला बहावा पिवळा, पांगारा त्याच्या आधी लाल, सातवीण पाऊस संपल्यावर रात्री वास सोडते. तुमच्या रस्त्यावर यातलं कुठलं कुठं आहे, कुणाच्या कंपाऊंडमधे आहे, ते लिहा. मराठी, कन्नड, हिंदी तिन्हीत सांगता आलं पाहिजे, तुम्हा वडगावच्या पोरांना ते कुणी शिकवायला नको. पायी आणि सायकलची टूर सुरू करायला भांडवल जवळजवळ नाहीच, आणि जी म्हातारी माणसं चालू शकत नाहीत त्यांच्यासाठी बॅटरीवरची बसायची गाडी, जशी मोठ्या बागांत असते तशी, ती पुढं बघता येईल. गाड्यांचे पैसे सध्या बँकेतच असू देत.

प्रश्न (शहापूरहून): टूरच्या दिवशी पाऊस आला तर?

उत्तर: हलक्या पावसात गाडी बंद पडत नाही, पण ओली पानं, ओलं गवत आणि उतार यावर चाक घसरतं, आणि बागेत नेमकं हेच तिन्ही असतं. चांगला गाईड पाऊस वाढला की स्वतःच टूर थांबवतो. तारीख बदलून देतात का पैसे परत देतात, ते पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घ्या, मेसेजवर उत्तर आलं तरी चालेल, पण जपून ठेवा.