वर्षानुवर्षं प्रामाणिक असलेला हिशेबनीस अचानक अफरातफर का करतो?

बहुतेक वेळा हाव हे कारण नसतं. कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण असते आणि ‘चोरतोय कुठे, उसने घेतोय’ अशी स्वतःची समजूत घातलेली असते. डोनाल्ड क्रेसी या अमेरिकी गुन्हेगारीशास्त्रज्ञाने अशाच गुन्ह्यांत शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांच्या मुलाखती घेऊन १९५३ मध्ये हे मांडलं. तीन गोष्टी जुळाव्या लागतात:

- लपवावीशी वाटणारी अडचण (जुगारातली देणी, बुडालेला जोडधंदा)
- ती आपल्या हातातल्या कामातून गुपचूप सुटेल ही जाणीव
- सबब

यातली सबब पकडल्यावर सुचलेली नसते. ती आधी तयार होते, पैसे नंतर उचलले जातात. पहिली रक्कम छोटी असते, परत ठेवायचा इरादाही बऱ्याचदा खरा असतो. मग एका ग्राहकाचे पैसे खिशात गेले की त्याच्या खात्यावर दुसऱ्याचे दाखवायचे, दुसऱ्याच्या खात्यावर तिसऱ्याचे. ही साखळी रोज स्वतःच सांभाळावी लागते, म्हणून असा माणूस रजाच घेत नाही (आणि साहेब त्याला कामसू समजतात!). सलग दोन आठवडे सक्तीची रजा देऊन त्याचं काम दुसऱ्याकडे सोपवलं, की साखळी बहुधा तिथेच तुटते. मात्र हे सगळं विश्वासातल्या नोकरदाराला लागू पडतं. मुळात लोकांना गंडवण्यासाठीच कंपनी काढणाऱ्याला नाही.