वाचकांचे प्रश्न : साहेबांची पत्रं नेमकी कुणाच्या दप्तरात?

प्रश्न : कॅप्टन जेम्स ग्रँट १८१८ ते १८२२ साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनी सरकारचा प्रतिनिधी, होता. मराठ्यांच्या इतिहासासाठी त्यानं कागद कसे जमवले, हे त्याच्या खासगी पत्रांतून पाहायचं आहे. ‘ग्रँट डफ’ नावानं शोधलं तर मद्रासचेच कागद पुढे येतात. (संशोधक विद्यार्थिनी, सातारा)

मद्रासचे कागद त्याच्या मुलाचे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर होता. वडिलांनी ‘डफ’ हे नाव लावलं ते १८२५च्या सुमारास, स्कॉटलंडमधली ईडनची इस्टेट वारशानं आल्यावर. म्हणजे साताऱ्याच्या काळात तो नुसता ‘कॅप्टन ग्रँट’ आहे. याच नावाचे इतर अधिकारीही होते, म्हणून नावाच्या जोडीला साल आणि ठिकाण घालून शोधा.

पण खरी अडचण वेगळी आहे. पत्र राहतं ते ज्याला आलं त्याच्या दप्तरात. लिहिणाऱ्याकडे उरते फार तर लेटरबुकातली, म्हणजे पाठवलेल्या पत्रांच्या वहीतली, नक्कल. ग्रँटनं काय लिहिलं हे पाहायचं तर तो ज्यांना लिहीत होता त्यांची यादी आधी करा. पहिलं नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं (वर आलेला मुलगा वेगळा). पुण्यात ग्रँट त्याच्या हाताखाली होता, आणि पुढे १८१९ ते १८२७ एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होता. त्याचे खासगी कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एमएसएस युर एफ८८’ (Mss Eur F88) या क्रमांकाखाली आहेत. ग्रँटनंतर साताऱ्याला आलेल्या जॉन ब्रिग्जची पत्रंही अशीच, ज्यांना आली त्यांच्या दप्तरात शोधा. ‘एफ८८’ भलं मोठं आहे. सगळ्याच्या प्रती मागवण्याच्या भानगडीत पडू नका. आधी वर्णनसूची पाहा, १८१८ ते १८२६ची पत्रं असलेले खंड निवडा आणि मग खंड व पान क्रमांक देऊन प्रतींचं दरपत्रक मागा. २०२३च्या ऑक्टोबरातल्या सायबर हल्ल्यात या ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूच्या बंद पडल्या होत्या. त्यामुळे जुन्या लेखांतल्या लिंकवर विसंबू नका, क्रमांक टिपून ठेवा.

एल्फिन्स्टनच्या दप्तरात एक खिंडार आहे. ५ नोव्हेंबर १८१७ला, खडकीच्या लढाईच्या दिवशी, पुण्याच्या संगमावरची रेसिडेन्सी जळाली आणि त्याची पुस्तकं, कागद त्यात गेले. त्याआधीच्या घडामोडींसाठी छापील ‘पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स’चे खंड चाळावेत.

लंडनच्या आधी मुंबई करा, असं आमचं ठाम मत. फोर्टात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथं राजकीय खात्याचे, म्हणजे पोलिटिकल डिपार्टमेंटचे, खंड वर्षवार लागतात. मागणीचिठ्ठीवर खातं, वर्ष आणि खंड क्रमांक हवा. ‘साताऱ्याचे कागद द्या’ म्हटल्यानं काही हाती लागत नाही. सरकारी पत्रात निर्णय सापडतो, खासगी पत्रात त्यामागची कुरबुर. दोन्ही तारखेनं शेजारी लावली की मगच चित्र पुरं होतं.

शोधताना जुनी इंग्रजी अक्षरंही वापरा. साताऱ्याला डबल टी, कधी शेवटी एच. सांगलीच्या शेवटी डबल ई. वाई ‘डब्ल्यू-ए-डबल ई’, कऱ्हाड ‘के-यू-आर-ए-आर’, कृष्णा ‘किस्तना’. आजचं स्पेलिंग टाकून ‘काही नाही’ असं उत्तर आलं, तर ते खरं धरू नका.

प्रश्न : अशा एका पत्राचा फोटो मिळाला आहे. ओळींवर आडव्या ओळी आहेत आणि तारखेत साल नाही. वाचायचं कसं? (कऱ्हाड)

कागद आणि टपालखर्च वाचवायला पान भरलं की ते काटकोनात फिरवून त्यावरच लिहीत. फोटोच्या दोन प्रती करा, एक ९० अंशांनी फिरवा आणि एका वेळी एकाच दिशेची ओळ वाचा. खालची ओळ कोऱ्या पट्टीनं झाका. डबल एसमधला पहिला एस लांब काढलेला असतो, तो एफसारखा वाचला जातो. तारखेपुढे ‘इन्स्ट’ म्हणजे चालू महिना, ‘अल्ट’ म्हणजे मागचा, ‘प्रॉक्स’ म्हणजे पुढचा.

सालासाठी मागची बाजू मागवा. घडीच्या बाहेर कारकुनाचा शेरा असतो : कुणाचं, कधीचं, कधी मिळालं, उत्तर कधी दिलं. तोही नसेल तर मूळ कागद उजेडासमोर धरायला सांगा. त्या काळच्या पुष्कळ विलायती कागदांत जलचिन्हात (वॉटरमार्कमध्ये) गिरणीच्या नावाखाली साल असतं. जलचिन्हात १८१९ असेल तर पत्र सहसा त्याआधीचं नसतं. नंतरचं किती, हे मात्र त्यावरून ठरत नाही, कारण कागद गलबतानं इथं येऊन पडून राहायचा.

सोबत मोडी पत्र असेल तर त्यातला शुहूर सन, म्हणजे मराठी कागदांतली जुनी वर्षगणना, पाहा. इसवी सन काढायला त्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. एप्रिल १८१९चा कागद ‘तिसा अशर मयातैन व अलफ’, म्हणजे १२१९चा. सातारकरांशी तह झाला २५ सप्टेंबर १८१९ला, तो १२२०मध्ये येतो. महसुली हिशेबातला फसली सन शुहूरपेक्षा नऊनं जास्त असतो. हे दोन सन एकमेकांत मिसळले की प्रकरण नऊ वर्षं सरकतं, आणि छापील लेखांतही असं झालेलं दिसतं.

प्रश्न : घरच्या रुमालात (कागद बांधलेल्या फडक्यात) इंग्रज अधिकाऱ्यांची पत्रं आणि मोडी कागद एकत्र आहेत. पुरात खालचा भाग भिजला. उन्हात घालावेत का? (सांगली)

नाही. उन्हात कागद आखडतो आणि विलायती पत्रांची शाई आणखी उडते. ओले बंद (कागदाचे ताव) सुटे करायलाही जाऊ नका, फाटतील. बुरशी धरायला दोन दिवस पुरतात. तेवढ्यात सुकवणं जमणार नसेल तर गठ्ठा आहे तसा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पाही वेळ काढायला चालतो. मग थोडे थोडे बाहेर काढा. दर आठ-दहा बंदांमागे कोरा टीपकागद घाला, पहिल्या दिवशी तो दर दोन-तीन तासांनी बदला. पंखा खोलीत फिरू द्या, पण कागदावर रोखू नका. चिखल ओला असताना पुसू नका. वाळल्यावर मऊ ब्रशनं झटका, तोंडाला मास्क लावून.

मोडीची काजळी शाई उन्हानं सहसा फिकी पडत नाही, पण डिंकात खललेली असल्यानं ओलेपणी बोट लागलं की निघते. इंग्रजी पत्रांची तपकिरी शाई लोहाची. ती कागद खाते, आणि ओल लागली की तिचा डाग भोवती पसरतो. म्हणून या दोहोंमध्ये आम्लमुक्त कागद ठेवा, मात्र रुमालातला क्रम मोडू नका. कुठलं मोडी पत्र कुठल्या इंग्रजी पत्राचं उत्तर, हे पुष्कळदा त्या क्रमावरूनच कळतं. सुकल्यावर प्रत्येक बंदाच्या कोपऱ्यात २बी पेन्सिलीनं क्रमांक घाला. स्कॅन ४०० डीपीआयवर, दोन्ही बाजू, कोऱ्या पाठींसकट.

लॅमिनेशन आणि चिकटपट्टी अजिबात नको. दोन्ही पुढे काढताना कागदाचा पापुद्रा येतो. डांबराच्या गोळ्याही कागदाला टेकवून ठेवू नयेत.

प्रश्न : दोनशे वर्षांपूर्वीची पत्रं छापायला परवानगी कशाला? (वाई)

ब्रिटिश कायद्यामुळे. लेखक १९६९पूर्वी वारला असेल आणि मजकूर ऑगस्ट १९८९पर्यंत अप्रकाशित असेल, तर तिथं त्याचा स्वामित्वहक्क २०३९च्या डिसेंबरअखेरपर्यंत चालतो. चर्चेसाठी चार ओळी उद्धृत करायला सहसा अडचण येत नाही. पूर्ण पत्रं छापायची तर दप्तर जिथं आहे त्या संस्थेला आधी लिहा. छायाचित्र छापण्याची परवानगी मजकुराच्या परवानगीहून वेगळी असते. दोन्ही एकाच अर्जात मागा.