आठवड्याला सहा तास, रेस बारा तासांची

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत शिफ्टची नोकरी करतो. दोन महिन्यांनी मित्राबरोबर जोडीने बारा तासांची ॲडव्हेंचर रेस करायची आहे. त्यात सायकल, ट्रेक, थोडं कयाकिंग आणि नकाशावरून चेकपॉइंट शोधणं आहे. सरावाला आठवड्यातून जेमतेम सहा तास मिळतात. पुरतील का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आजवर थोडंफार चालणं-सायकलिंग होत असेल, तर रेस पूर्ण करण्यापुरते पुरतील, मात्र त्यांतले चार तास सुट्टीच्या दिवशी सलग काढा. रोज अर्धा तास पळून दम वाढेल, पण तीन तासांनंतर पोट, पाठ आणि तळपाय कसे कुरकुरतात ते कळणार नाही.

पहाटे सायकलने पन्हाळा गाठा. अंतर विसेक किलोमीटर, चढ सुमारे 400 मीटर. वर चहाला न थांबता पाच मिनिटांत बूट बदला, मसाई पठाराच्या वाटेने पाऊण तास जाऊन परत फिरा आणि सायकलने घरी या. पाठीवर रेसचीच सॅक हवी, चार-पाच किलोची. सायकलवरून उतरल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं पाय लाकडासारखे वाटतात. तेव्हा जोर लावला की पोटऱ्यांत गोळे येतात, म्हणून शेवटचे दोन किलोमीटर हलक्या गिअरवर पाय मोकळे करत या.

उरलेल्या दोन तासांपैकी एक तास सॅक घेऊन जिने चढा-उतरा. उतरणं टाळू नका, मांड्या भरून येतात त्या उतारानेच. दुसरा तास नकाशाला द्या. नवखे तिथेच सर्वांत जास्त वेळ घालवतात, आणि तो सराव थकलेल्या अंगानेही होतो. 1:50,000 च्या नकाशावर 2 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर. मोजलेल्या 100 मीटरवर डावा पाय किती वेळा पडतो ते मोजून ठेवा. चढावर आणि गवतात हा आकडा वाढतो. होकायंत्र मोबाइलपासून आणि लोखंडापासून लांब धरा.

कयाक निदान दोनदा तरी भाड्याने घेऊन चालवा. पाय टेकवून कमरेतून वळत वल्हवायचं. नुसत्या दंडाने ओढलं तर थोड्याच वेळात हात भरून येतात.

खाणं पहिल्या तासापासूनच. तासाला 40 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात: एक मध्यम केळं (साधारण 25 ग्रॅम) आणि 20 ग्रॅम गूळ मिळून चाळिशी गाठते. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवा, घट्ट करू नका. नुसतं पाणी ढोसत राहिल्यास रक्तातलं सोडियम उतरतं, ते धोक्याचं. आदल्या रात्री तांबडा रस्सा नको, साधा वरणभात बरा.

शेवटच्या दहा दिवसांत सराव निम्म्यावर आणा.

प्रश्न : लांब ट्रेकमध्ये टाचांना फोड येतातच. काय करू?
– वाचक, राजारामपुरी

उत्तर : ओली कातडी आणि घर्षण, दोन्ही जुळलं की फोड. जिथे नेहमी येतो तिथे निघण्यापूर्वीच कोरड्या कातडीवर चिकटपट्टी लावा, कडा गोल कापून. टोकदार कडा मोज्यात अडकून उचकटतात. बूट अर्ध्या नंबराने मोठे घ्या, संध्याकाळी पाय सुजलेले असताना मापून. पाण्यातून आल्यावर मोजे बदलायला तीन मिनिटं जातात, ती द्याच. चुरचुरायला लागलं की त्याच क्षणी थांबा, पुढच्या चेकपॉइंटची वाट पाहू नका.